सी ड्राइव्ह लालेलाल! फोटो-व्हिडिओ डी वर हलवायचेत, मदत हवी

गोगलगाय (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह गेले दोन आठवडे लाल पट्टी दाखवतोय. २३७ जीबीपैकी ४ जीबी उरलेत. (घेताना २५६ सांगितले होते, बाकीचे कुठे गेले देव जाणे.) विंडोज ११ आहे. जागा नाही म्हणून अपडेट अडून बसलंय आणि काल फोनमधले व्हिडिओ उतरवताना मध्येच सगळं ठप्प झालं.

डी म्हणून आणखी एक ड्राइव्ह दिसतो. ९३१ जीबी, जवळजवळ रिकामा. आजवर मी तिकडे फिरकलेलेच नाही.

माझा बेत असा: सी मधलं युजर्स नावाचं फोल्डर कट करायचं आणि डी मध्ये पेस्ट करायचं. त्यात सगळं माझंच तर आहे. करू का?

निवांत (सोमवार, रात्री ९:१८)

अहो थांबा थांबा! युजर्सला हात लावू नका.

त्यात तुमचं सामान आहे तसं विंडोजचंही आहे. तुमच्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, त्यात एकेक प्रोग्रॅम आपला बाडबिस्तरा ठेवतो. तुमच्या खात्याची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची वही) ज्या फाइलमध्ये असते तीही तिथेच. तुम्ही लॉगिन केलेलं असताना या फायली वापरात असतात, त्यामुळे कट-पेस्ट मध्येच अडकणार. अर्धा संसार इकडे, अर्धा तिकडे, आणि पुढच्या वेळी लॉगिन केलंत की विंडोज तुम्हाला ओळखच दाखवणार नाही.

हलवायची ती फक्त आतली फोल्डरं: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. त्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. सविस्तर लिहितो थोड्या वेळात.

चिकित्सक (सोमवार, रात्री ९:२५)

२५६ चे २३७ कसे झाले ते सांगतो, कारण दर दोन महिन्यांनी हा प्रश्न येतो. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज धरतं १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटींच्या वर. त्या हिशेबाने २५६ चे होतात २३८.४. वरचा एखादा जीबी बूट आणि रिकव्हरीच्या चिमुकल्या पार्टिशनांनी खाल्ला. तुमचे डी चे ९३१ म्हणजे त्याच न्यायाने १ टीबी. फसवलं कुणीच नाही, मापं दोन आहेत.

खटपट्या (सोमवार, रात्री ९:४१)

हलवाहलवीआधी दोन गोष्टी बघून सांगा.

पहिली. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. तिथे 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' अशा दोन नोंदी दिसतात की एकच? एकच असेल तर तुमचा डी हा त्याच डिस्कचा तुकडा आहे. जागा तरीही मिळेल, पण डिस्क गेली तर सी आणि डी दोन्ही एकदम जातील. दोन असतील तर बहुधा सी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क) आहे आणि डी जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क.

दुसरी. नेमकं काय भरलंय ते पाहिल्याशिवाय काहीही हलवू नका. विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट. ते एकेक फोल्डर उघडून मोजत बसत नाही, एनटीएफएसची (विंडोज डिस्कवर फायली मांडतं त्या पद्धतीची) जी मुख्य सूची असते तीच थेट वाचतं, म्हणून काही सेकंदांत अख्ख्या ड्राइव्हचा हिशेब समोर मांडतं. विनडर्स्टॅटही चालेल, रंगीत चौकोन बघायला मजा येते.

गोगलगाय (सोमवार, रात्री १०:३०)

दोन नोंदी आहेत. डिस्क ० (सी) एसएसडी, डिस्क १ (डी) एचडीडी.

विझट्रीचा पंचनामा, सगळे आकडे जीबीमध्ये:

माझं युजर फोल्डर १४१
— पिक्चर्स ४८
— व्हिडिओज ३६
— ॲपडेटा २९
— डाउनलोड्स १९
— डेस्कटॉप ५
— डॉक्युमेंट्स ४
विंडोज ३१
प्रोग्रॅम फाइल्स दोन्ही मिळून २७
पेजफाइल ९
हायबरफिल ६
बाकी किरकोळ १९

डाउनलोड्समध्ये १९ जीबी कशाचे, हे मला विचारू नका. मलाच माहीत नाही. हायबरफिल काय आहे? उडवू का? आणि विंडोजच्या आत विनएसएक्सएस नावाचं भलंमोठं फोल्डर आहे, ते?

चिकित्सक (सोमवार, रात्री १०:४४)

विनएसएक्सएस उडवायचं नाही. कधीच नाही. ते दिसतं तितकं मोठं नसतंही. त्यातल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक आहेत, म्हणजे फाइल डिस्कवर एकच पण तिला नावं दोन, एक इथे आणि एक सिस्टिम३२ मध्ये. एक्सप्लोरर दोन्हीकडे मोजतो आणि उगाच घाबरवतो. जुनी अपडेट्स काढायची असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स इथून काढा.

हायबरफिल म्हणजे हायबरनेट करताना मेमरीतला मजकूर जिथे उतरवला जातो ती फाइल. हायबरनेट बंद केलं की ती आपोआप जाते, पण सोबत फास्ट स्टार्टअपही जातं. ६ जीबीसाठी मी तरी हे करणार नाही. तुमचं दुखणं पिक्चर्स आणि व्हिडिओज आहे. ८४ जीबी तिथेच आहेत.

निवांत (सोमवार, रात्री ११:०५)

आता मूळ मुद्दा.

डी वर आधी एक फोल्डर करा, समजा 'माझं सामान'. त्याच्या आत 'पिक्चर्स' आणि 'व्हिडिओज' अशी दोन रिकामी फोल्डरं करा. मग एक्सप्लोररमध्ये पिक्चर्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, मूव्ह. नवीन फोल्डर निवडा, ओके म्हणा. विंडोज विचारेल की जुन्या जागेवरच्या सगळ्या फायली नव्या जागी नेऊ का.

इथे बहुतेक जण 'येस' म्हणतात आणि बहुतेक वेळा निभावतंही. मी तुम्हाला 'येस' म्हणू नका असं सांगेन. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल हलवली तर फक्त सूचीतला पत्ता बदलतो, म्हणून ५० जीबीसुद्धा चुटकीसरशी हलतात. सी वरून डी वर मात्र फाइल खरोखर कॉपी होते आणि मग मूळ पुसली जाते. हे दीड-दोन हजार फायलींचं काम अर्ध्यावर असताना बॅटरी संपली किंवा लॅपटॉप झोपला, की कुठली फाइल कुठल्या तीरावर आहे हे शोधत बसावं लागतं.

म्हणून आधी साधं कॉपी-पेस्ट करा. दोन्हीकडच्या प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि साइझ ताडून बघा. 'साइझ ऑन डिस्क' नव्हे, नुसतं 'साइझ'. फोल्डरागणिक एखाद-दुसऱ्या लपलेल्या फाइलचा फरक आला तर घाबरू नका, ती डेस्कटॉप डॉट आयएनआय असते, फोल्डर कसं दिसावं याची विंडोजची नोंद. चार-पाच व्हिडिओ डी वरून उघडून शेवटपर्यंत सरकवून बघा. मग लोकेशन टॅब, मूव्ह, आणि प्रश्न आला की 'नो'. आता पिक्चर्स म्हटलं की विंडोज डी वर बघेल आणि सी वरची जुनी प्रत जागच्या जागी राहील. आठवडाभर तशीच वापरा. मग पुसा.

वेळ दुप्पट लागतो, कबूल आहे.

खटपट्या (सोमवार, रात्री ११:१२)

+१. कॉपीआधी लॅपटॉप चार्जरला लावा आणि स्लीप बंद करा.

आणि हो, डी ची तब्येत बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक साधन आहे, ते डिस्कचं स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचतं. निळं 'गुड' आलं तर पुढे चला. पिवळं 'कॉशन' आलं तर तिथे काही ठेवू नका, डिस्क खराब सेक्टर बदलायला लागलेली असू शकते. वर्षानुवर्षं न वापरलेला ड्राइव्ह रिकामा आहे म्हणजे धडधाकट आहे असं नसतं.

अडाणी आजोबा (मंगळवार, सकाळी ६:२०)

माझी चूक इथे नोंदवून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल.

मी लोकेशन टॅबमध्ये डी च्या आत फोल्डर न करता थेट डी हाच निवडला. झालं! अख्खा डी ड्राइव्ह 'डॉक्युमेंट्स' झाला. नाव बदललं, चिन्ह बदललं. त्यावर कडी म्हणजे पिक्चर्ससुद्धा तिथेच नेलं, आणि दोन्ही फोल्डरं एकमेकांत अशी मिसळली की पत्रं आणि लग्नाचे फोटो एकाच रांगेत. 'रिस्टोर डिफॉल्ट' दाबलं तर ते डी वरचं सगळंच्या सगळं सी वर ओढायला निघालं. शेवटी नातवाने रजिस्ट्रीत 'युजर शेल फोल्डर्स' या जागी जाऊन एकेक पत्ता हाताने दुरुस्त केला.

तेव्हा प्रत्येकासाठी वेगळं फोल्डर करा, आणि ते ड्राइव्हच्या आत करा. निवांत यांनी ते सांगितलंय, पण वाचताना ते वाक्य निसटतं. माझं निसटलं होतं.

टिंबटिंब (मंगळवार, सकाळी ९:००)

इतका खटाटोप कशाला? सगळं क्लाउडवर टाका आणि सी वरून पुसून मोकळे व्हा. मी तेच करतो.

निवांत (मंगळवार, सकाळी ९:३५)

टिंबटिंब, 'सी वरून पुसून' इथेच लोक फसतात.

ज्या फोल्डरावर सिंक चालू आहे त्यातून फाइल पुसली की ती क्लाउडवरूनही जाते आणि तुमच्या इतर यंत्रांवरूनही. सिंकचं कामच दोन्हीकडे सारखं ठेवायचं आहे. तुम्ही टाकलंत तर तो टाकेल, पुसलंत तर पुसेल. वनड्राइव्हमध्ये जागा मोकळी करायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणायचं. मग नाव इथे दिसतं, निळा ढग येतो, आणि ऐवज फक्त क्लाउडवर राहतो. चुकून पुसलंच तर वैयक्तिक खात्याच्या वेबवरच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस सापडतं. नंतर नाही.

शिवाय जागेचं काय? वनड्राइव्ह फुकट देतं ५ जीबी. गूगल १५ देतं, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज असे तिघे वाटेकरी. ८४ जीबी कुठे बसवणार?

टिंबटिंब (मंगळवार, सकाळी ९:५०)

भापो (भावना पोहोचल्या). माझी जागा विकतची आहे हे सांगायचं राहिलं.

पेंग्विन (मंगळवार, दुपारी १:१५)

लिनक्सवर /होम (वापरणाऱ्याच्या फायलींचं फोल्डर) पहिल्यापासून वेगळ्या पार्टिशनवर ठेवायची पद्धत आहे, म्हणून हे प्रश्न... बरं, राहू दे. कृपया हलके घ्या.

उपयोगाचं एक सांगतो. फायली फार असतील तर एक्सप्लोररच्या कॉपीऐवजी विंडोजमधलंच रोबोकॉपी वापरा. मध्ये खंड पडला तर पुन्हा तीच आज्ञा द्यायची, झालेल्या फायली ओलांडून ते पुढे जातं. पण त्याच्या 'मिरर' स्विचच्या नादी लागू नका. मूळ जागी नसलेली प्रत्येक फाइल ते मुक्कामाच्या जागी पुसतं. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तर काय होईल याची कल्पना करा.

सफरचंद (मंगळवार, दुपारी ३:४०)

धागा थोडा पळवतेय, माफ करा. मॅकवर फोटोंची लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर न्यायची असेल तर? आणि मी ३० जीबी पुसले तरी जागा तेवढीच दाखवतेय.

पेंग्विन (मंगळवार, दुपारी ४:०५)

फोटोज बंद करा, पिक्चर्स फोल्डरातली लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, मग ऑप्शन कळ दाबून धरून फोटोज उघडा. कुठली लायब्ररी ते विचारेल. नवी निवडा आणि सेटिंग्जमध्ये तिलाच सिस्टिम लायब्ररी करा. मात्र ती डिस्क एपीएफएस किंवा मॅकच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी.

जागा दिसत नाही कारण टाइम मशीन सुरू असेल तर मॅक आतल्या आत स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कचं चित्र, ठेवतो. पुसलेली फाइल त्यात अडकून असते. दिवसभराने पुन्हा बघा.

गोगलगाय (मंगळवार, रात्री ९:२०)

डी ची तब्येत: निळं गुड. हुश्श.

पण पिक्चर्सच्या लोकेशन टॅबवर भलताच पत्ता आहे. सी, युजर्स, माझं नाव, वनड्राइव्ह, पिक्चर्स. मी वनड्राइव्ह कधी वापरलेलंच नाही. व्हिडिओजचा पत्ता मात्र साधाच आहे. आता?

निवांत (मंगळवार, रात्री ९:४५)

बरं झालं आधी बघितलंत. विंडोज पहिल्यांदा सुरू करताना वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू झालेला दिसतोय. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या पोटात जातात. याचा अर्थ तुमच्या ४८ जीबीपैकी फार तर ५ क्लाउडवर चढले असतील, बाकीचे फक्त तुमच्या यंत्रावर आहेत. 'क्लाउडवर आहे' या भरवशावर काही पुसू नका.

क्रम असा ठेवा. घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप'. तिथे पिक्चर्स बंद करा. काही आवृत्त्या फायली कुठे ठेवू हे विचारतात, काही विचारत नाहीत. न विचारल्यास पिक्चर्स उघडल्यावर ते रिकामं दिसेल. छातीत धस्स होतं, पण फोटो गेलेले नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरातच असतात. तिथून डी वर कॉपी करा. निळा ढग असलेल्या फायली कॉपी होण्याआधी उतरवल्या जातील, तेव्हा इंटरनेट चालू ठेवा.

लोकेशन टॅबचा खेळ त्यानंतर.

खटपट्या (मंगळवार, रात्री १०:०२)

ॲपडेटातल्या २९ बद्दल कुणी बोललं नाही. त्यात रोमिंग, ॲपल कम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप असं फोल्डर आहे का? आयफोनचे बॅकअप तिथे साठतात आणि कुणाला पत्ता नसतो.

गोगलगाय (मंगळवार, रात्री १०:१०)

आहे! २१ जीबी! जुना फोन होता माझा तो. त्यात आईचे मेसेज आहेत, पुसायचं नाही.

खटपट्या (मंगळवार, रात्री १०:२६)

मग पुसू नका. पण त्याला लोकेशन टॅब नसतो. त्यासाठी जंक्शन करावं लागतं: फोल्डर डी वर न्यायचं आणि जुन्या जागी एक फसवी पाटी ठेवायची, जी पाहून आयट्यून्सला (आयफोनचे बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटेल की फोल्डर इथेच आहे. एमकेलिंक नावाची आज्ञा आहे, जे स्विचसह. सांगेन बैजवार. बाकी ॲपडेटाशी मात्र असले प्रयोग नकोत.

ते मेसेज डी वर गेले तरी प्रत एकच राहते, एवढं मात्र ध्यानात असू द्या.

गोगलगाय (मंगळवार, रात्री १०:३१)

म्हणजे? हलवलं की सुरक्षित नाही का?

चिकित्सक (मंगळवार, रात्री १०:५०)

नाही. काल तुमचे फोटो सी वर एका ठिकाणी होते, उद्या डी वर एका ठिकाणी असतील. जागा मोकळी झाली, जोखीम तेवढीच राहिली. उलट डी फिरती डिस्क आहे, लॅपटॉप चालू असताना पडला तर आधी तिलाच मार बसतो.

३-२-१ म्हणतात ते हेच: प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. तीन नाही जमल्या तर दोन तरी करा. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्याही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत सापडते. नुसतं कपाटात ठेवायला एसएसडी नको, वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास तिच्यातला विदा (डेटा) विरत जाऊ शकतो. फॉरमॅट एनटीएफएस ठेवा, मॅकला जोडायची असेल तर एक्सफॅट. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीची फाइल बसत नाही. जागा शिल्लक असूनही व्हिडिओ का जात नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात.

अडाणी आजोबा (बुधवार, सकाळी ६:०५)

आणि ती डिस्क काढताना 'इजेक्ट' करूनच काढा. आणि डेस्कटॉप फोल्डर चुकूनही बाहेरच्या डिस्कवर नेऊ नका. डिस्क जोडलेली नसली की विंडोज 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल' म्हणत कोरा पडदा दाखवतं. हेही मी करून पाहिलेलं आहे.

खटपट्या (बुधवार, सकाळी ८:३०)

आजोबा, तुमच्यावर एक वेगळा धागा काढावा लागेल :)

गोगलगाय (रविवार, सायंकाळी ६:४०)

अहवाल सादर करते.

बाहेरची डिस्क आणली. फोटो-व्हिडिओ आधी तिच्यावर कॉपी केले, मग डी वर. संख्या जुळली, पिक्चर्समध्ये दोन फायलींचा फरक होता आणि त्या दोन्ही डेस्कटॉप डॉट आयएनआय निघाल्या. लोकेशन बदललं, 'नो' म्हटलं. निवांत यांनी आठवडा सांगितला होता, मी तीनच दिवस धीर धरला, पण बाहेरची प्रत होती म्हणून. सी वरचं जुनं शिफ्ट-डिलीट केलं. मोकळी जागा ८८ जीबी! अपडेटही गुपचूप झालं.

मग डाउनलोड्स उपसलं. एकच फॉर्म अकरा वेळा उतरवलेला, शेवटच्यावर कंसात १०. वर्षांपूर्वीची इन्स्टॉलरं, आधीच बघून झालेले तास-तासभराचे व्हिडिओ. १९ पैकी १६ जीबी पुसले. पण सी अजून ८८ च दाखवतोय. १६ जीबी गेले कुठे? मॅकसारखे स्नॅपशॉट विंडोजमध्येपण असतात का?

पेंग्विन (रविवार, सायंकाळी ६:५२)

रिसायकल बिन.

गोगलगाय (रविवार, सायंकाळी ६:५५)

१०४.

खटपट्या, एमकेलिंकचं तेवढं पुढच्या रविवारी.